ला रायाची खिंड

"पुढचा प्रश्न वाचा," सुहासिनी ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

हरिहरने लॅपटॉप जवळ ओढला. "हृदयाचा, फुफ्फुसांचा किंवा रक्तदाबाचा काही आजार आहे का? हो किंवा नाही."

"नाही."

त्याचा हात थांबला. तव्यावरची पोळी फुगली. तिने ती उतरवली आणि मागे वळून न बघता म्हणाली, "अहो, नाही वर टिक करा."

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, आठवतंय ना?"

"हिल स्टेशनला जाऊ नका म्हणाल्या होत्या. आणि बाहेर आल्यावर आपण दोघं हसलो होतो. तेही आठवतंय."

हसले होते खरे. दोन वर्षांपूर्वी जिने चढताना सुहासिनीला धाप लागायला लागली, म्हणून ते दम्माममधल्या एका केरळी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब थोडा जास्त आहे, असं तपासणीत निघालं. गोळ्या सुरू झाल्या. उंचावर जायचं नाही, एवढं एक पथ्य. दम्माममध्ये समुद्रापासून वाळवंटापर्यंत सगळं ताटासारखं सपाट. हायवेवरच्या उड्डाणपुलाइतकी उंच जागा त्यांच्या रोजच्या रस्त्यात दुसरी नव्हती. "पुलावरून जाताना श्वास रोखून धरते हां," असं सुहासिनी गाडीत बसता बसता म्हणाली होती, आणि हरिहरला इतकं हसू आलं होतं की गाडी सुरू करायला वेळ लागला होता.

आता फॉर्म समोर होता. कुस्को ते पुनो, पेरूतल्या अँडीज पर्वतातून दहा तासांचा रेल्वे प्रवास, सोबत गाईड.

सुहासिनी दम्मामच्या एका इंडियन स्कूलमध्ये एकवीस वर्षं भूगोल शिकवत होती. दर वर्षी सातवीच्या वर्गात अँडीजचा धडा यायचा आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "मॅम, हॅव यू सीन इट?" ती म्हणायची, "नेक्स्ट इयर." ते पुढचं वर्ष कधी आलं नाही. एकदा मुलीची, रुचाची, दहावी आली. एकदा हरिहरच्या प्लांटचं शटडाऊन आलं. मग नाशिकचा फ्लॅट, मग कोविड. प्रत्येक वेळी हरिहर म्हणायचा, "पर्वत कुठे पळून जातोय?" आणि ती म्हणायची, "पर्वत नाही जात." आता त्याला साठीला दोन वर्षं उरली होती, आणि कंपनीने कळवलं होतं की सप्टेंबरनंतर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढवणार नाही. सौदीतली ही शेवटची सुट्टी होती.

"सुहास, मी एकदा टूरवाल्यांना फोन करून विचारू का?"

"विचारलंत तर ते नाही म्हणतील." तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसत त्याच्या शेजारी येऊन बसली. "मी रोज गोळी घेते. गेल्या सहा महिन्यांत एकदा तरी धाप लागली का? तुम्हीच सांगा."

लागली नव्हती. त्याने 'नाही' वर टिक केली.

हरिहर सोमण अठ्ठावीस वर्षं एकच काम करत होता. तेलाच्या प्लांटमधून प्रेशर गेज आणि मीटर त्याच्या वर्कशॉपमध्ये यायचे. तो ते तपासायचा, खऱ्या दाबाशी ताडून बघायचा, आणि बरोबर असतील तर सही करायचा. त्याची सही असलेला गेज चुकीचं दाखवतो, असं एकदाही झालं नव्हतं. पाकिस्तानी मॅनेजर असोत की इंग्रज, कुणीही घाई केली तरी तो अर्ध्या रेषेच्या फरकासाठी गेज परत पाठवायचा. "सोमणचं डोकं पण कॅलिब्रेट करून आणलंय," असं त्याला वर्कशॉपमध्ये चिडवायचे. त्याला ते आवडायचं.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि दोघं निघाले. तीन विमानं बदलून लिमा, तिथून कुस्को. कुस्को अकरा हजार फुटांवर. तिथे दोन दिवस थांबून शरीराला सवय करायची, असं कार्यक्रमातच होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचंच डोकं दुखलं. गाईड विल्बर, चाळिशीचा, बुटका, शांत माणूस, सगळ्यांना कोकाच्या पानांचा चहा पाजत होता. सुहासिनी हॉटेलच्या खिडकीशी बसून होती. छतांची लाल कौलं आणि त्यांच्या मागचे डोंगर बघत ती म्हणाली, "अहो, मी ह्याचा नकाशा फळ्यावर इतक्यांदा काढलाय, की डोळे मिटून काढीन. पण हा वास कुठल्या पुस्तकात नव्हता." वास निलगिरीच्या लाकडाच्या धुराचा होता.

रेल्वेच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी विल्बर प्रत्येकाच्या बोटाला ते छोटं यंत्र लावत फिरत होता. रक्तातला ऑक्सिजन मोजायचं. हरिहरचा सत्त्याऐंशी आला. सुहासिनीच्या बोटाला यंत्र लावलं, आकडे हलले, मग स्थिर झाले. एक्क्याऐंशी.

विल्बरने यंत्र काढून पुन्हा लावलं. एक्क्याऐंशी.

"मादाम, हृदयाचा किंवा श्वासाचा काही त्रास?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नो, नो," सुहासिनी म्हणाली. म्हणताना ती विल्बरकडे नाही, हरिहरकडे बघत होती. नखांना किंचित निळसर झाक होती. हरिहरला ती दिसली.

"आज रेल्वे चौदा हजार फुटांवर जाते," विल्बर म्हणाला. "तुम्ही इथे विश्रांती घ्या. मी तुमच्यासाठी वेगळी सोय करतो. उद्या विमानाने खाली लिमाला जाता येईल."

सुहासिनीने टेबलाखाली हरिहरचा हात धरला. तिचा हात गार होता.

"ते मीटर बघू," हरिहर म्हणाला. त्याने यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि विल्बरच्या बोटाला लावलं. एक्क्याण्णव. इथेच जन्मलेल्या माणसाचं असायला हवं तितकंच. यंत्र बरोबर होतं. ते बरोबर आहे हे त्याला त्या टेबलाशी बसलेल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

"हे स्वस्तातले कमी दाखवतात," तो म्हणाला. "बायकांची बोटं गार असली की जास्तच. माझं कामच आहे हे. अठ्ठावीस वर्षं मी मीटरच तपासतो. शी इज ऑलराइट. आय टेक रिस्पॉन्सिबिलिटी."

विल्बरने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. तज्ज्ञ माणूस सांगतोय म्हटल्यावर तो आणखी काय म्हणणार होता?

रेल्वे सुटली तशी सुहासिनी खिडकीला चिकटली. टेबलावर पांढरं कापड, पितळी दिवा, बाहेर विल्कानोता नदी. मक्याची शेतं, मातीच्या विटांची घरं, टोपी घातलेल्या बायका पाठीवर रंगीत गाठोडी घेऊन रुळांच्या कडेने चालत होत्या. विल्बर माइकवरून माहिती सांगत होता आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी सुहासिनी ते हरिहरला मराठीत सांगत होती.

"हे पाणी बघा. हे इथून खाली जातं, जंगलात जातं, ॲमेझॉनला मिळतं आणि पार अटलांटिकला पोचतं. पॅसिफिक इथून हाकेवर आहे, पण पाणी तिकडे जातच नाही. पर्वत जाऊ देत नाही."

"तू जरा गप्प बस. दम लागेल."

"एकवीस वर्षं न बघता बोलले. आता बघून बोलू द्या ना."

शेवटच्या डब्याला मागची बाजू उघडी होती. तिथे उभं राहिलं की मागे सरकत जाणारे रूळ दिसायचे. ती तिथे बराच वेळ कठडा धरून उभी राहिली. शेतं संपली, झाडं संपली, पिवळं गवत सुरू झालं. गवतात अल्पाकांचे कळप. त्याच्यापलीकडे बर्फाचं एक शिखर इतकं स्वच्छ, की ते कापून ठेवल्यासारखं वाटत होतं. तिने शालीतून हात काढून त्या दिशेने केला आणि काही म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. हरिहरने त्या वेळी तिचा चेहरा पाहिला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. असा चेहरा त्याने रुचा झाली त्या दिवशी एकदा पाहिला होता.

दुपारी रेल्वे ला रायाच्या खिंडीत थांबली. पंधरा मिनिटं. एक छोटं पांढरं चर्च, उंची लिहिलेली पाटी, लोकरीच्या वस्तू मांडून बसलेल्या बायका. वारा बोचत होता.

"इथे पाणी वाटलं जातं," सुहासिनी पाटीकडे चालत म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. "इकडचं अटलांटिकला. तिकडचं टिटिकाका तळ्यात. तिथून मग... कुठेच नाही जात. माझा फोटो काढा. पाटीसकट. सातवीला... दाखवीन."

त्याने फोटो काढला. ती हसली होती. फोन खाली करेपर्यंत ती गवतावर बसली होती, जणू दमून बसावं तशी. ओठ जांभळे झाले होते.

विल्बर पळत आला. दोघांनी तिला उचलून डब्यात नेलं. ऑक्सिजनचा मास्क लावला. विल्बरने रेडिओवरून पुढच्या गावच्या स्टेशनवर रुग्णवाहिका मागवली. रेल्वे वेळेआधी सुटली.

"लवकर खाली न्या हिला," हरिहर म्हणाला. "खाली नेलं की बरं वाटेल ना?"

"सर," विल्बर हळू म्हणाला, "इथून पुढे खाली नाही. तळ्यापर्यंत सगळं पठारच आहे."

खिडकीबाहेर खरोखरच सगळं सपाट झालं होतं. पिवळं, सपाट, क्षितिजापर्यंत. सुहासिनीने मास्क जरा बाजूला केला. हरिहर तो परत लावू लागला तर तिने त्याचं मनगट धरलं.

"रुचाला फॉर्मचं सांगू नका."

"नाही सांगत. तू बोलू नकोस."

"ती तुम्हाला... बोलेल."

"नाही सांगत गं."

तिने मास्क लावू दिला. एक तासाने स्टेशन आलं. रुग्णवाहिका उभी होती, तिचं मागचं दार उघडं होतं. आत ठेवण्याआधी डॉक्टरने सुहासिनीची नाडी बघितली, मग बराच वेळ बघितली, आणि विल्बरला स्पॅनिशमध्ये काही सांगितलं. विल्बरने टोपी काढली.

पुढचे सहा दिवस विल्बर हरिहरबरोबर राहिला. दवाखाना, पोलीस, दाखले, लिमाला देह नेणं, वकिलातीत जाणं, सगळं त्याने केलं. हरिहर जेवत नव्हता तर समोर सूपचा वाडगा ठेवून तो मुकाट्याने बसून राहायचा. रुचाला व्हिसा वेळेत मिळाला नाही. आईला तिने लिमाच्या दहनगृहात फोनवरच शेवटचं पाहिलं. तोही फोन विल्बरनेच धरला होता.

अस्थी घेऊन हरिहर नाशिकला गेला. रुचा पुण्याहून आली. दिवस झाल्यावर तो दम्मामला परतला. नोकरीचे अडीच महिने बाकी होते, घर रिकामं करायचं होतं. कंपनीची सरकारी कामं बघणारा हैदराबादचा फकरुद्दीन दुसऱ्याच दिवशी घरी आला.

"सोमण साब, भाभी का नाम निकालना पड़ता इकामे से," तो दारातच उभा राहून म्हणाला. "आप टेंशन नक्को लेओ. कागज देओ, मैं सब कर देतूं. आपको ऑफिस में खड़ा रहने की जरूरत नहीं."

हरिहरने स्पॅनिश दाखला आणि त्याचं अरबी भाषांतर दिलं. फकरुद्दीनने ते न वाचता घडी घालून खिशात ठेवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी, रुचाचा फोन आला. ती पुण्यात एका बँकेत होती. इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या आवाजात जोर होता.

"बाबा, मी टूर कंपनीला कम्प्लेंट केली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांनी रेकॉर्ड पाठवलंय. सकाळी आईचा ऑक्सिजन एक्क्याऐंशी होता. एटी वन! आणि त्या गाईडने तिला ट्रेनमध्ये बसू दिलं."

हरिहरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याला सस्पेंड केलंय. गुड. पण मी इथे थांबणार नाहीये. तुम्ही फक्त एक स्टेटमेंट द्या, त्याने काही विचारलं नाही म्हणून. बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"तो तुमच्याबरोबर सहा दिवस का राहिला, आता कळतंय मला. गिल्टी होता."

"रुचा, मी उद्या बोलतो."

उद्या तो बोलला नाही. परवाही नाही. वर्कशॉपमध्ये त्याच्या टेबलावर गेज साठत गेले. तो एक उचलायचा, जोडायचा, काटा बघायचा, आणि सही न करता परत ठेवायचा. पोरांना वाटलं, बायको गेल्याचं दुःख आहे. त्यांनी त्याचं काम आपसात वाटून घेतलं.

आठव्या दिवशी विल्बरचा मेसेज आला. भाषांतराच्या ॲपमधून काढलेली इंग्रजी होती, ओबडधोबड पण स्पष्ट.

'सर, तुमची तब्येत कशी आहे? कंपनी म्हणते मी मीटरकडे लक्ष दिलं नाही. मी विचारलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल तर कृपा करून त्यांना लिहा. तुम्ही मीटरबद्दल जे म्हणालात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या घरात दुःख आहे.'

हरिहरने तो मेसेज उभ्यानेच वाचला. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. शेवटची दोन वाक्यं त्याला वाचवेनात.

शुक्रवारी सकाळी त्याने पत्र लिहायला घेतलं. फॉर्मवरचं उत्तर खोटं होतं. डॉक्टरांनी मनाई केली होती आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं. गाईडने विचारलं, थांबा म्हणाला, पर्यायी सोयही सांगितली. मीटर बरोबर होतं. ते चुकीचं आहे असं मी म्हणालो, आणि ते बरोबर आहे हे मला म्हणतानाच माहीत होतं. खाली सही, हुद्दा, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. पाठवण्याआधी त्याने रुचाला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं.

वाचून झालं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता, इकडचा की तिकडचा ते कळत नव्हतं.

"आईला माहीत होतं?" शेवटी तिने विचारलं.

"हो."

"तिला जायचंच होतं. ती नाहीच म्हणाली असणार. मी समजू शकते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "पण तुम्ही, बाबा? तुम्ही ते मीटर हातात घेऊन बघितलंत. तुमचं कामच ते आहे ना?"

"हो."

"मग?"

हरिहरने खूप प्रयत्न केला. टेबलाखाली तिने हात धरला होता, तो गार होता, हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं. पण त्यातलं काहीही उत्तर नव्हतं.

"वीस वर्षं तिला थांबवलं मी," तो म्हणाला. "त्या दिवशी पुन्हा थांब म्हणायचं तोंड नव्हतं मला."

"एकदा म्हणायला हवं होतंत," रुचा म्हणाली. "फक्त त्या एकदा." मग ती रडायला लागली आणि रडता रडताच तिने फोन ठेवला.

त्याने पत्र पाठवलं. कंपनीचं चार ओळींचं सभ्य उत्तर आलं. विल्बरवरचा ठपका काढण्यात आला. पण यंदाचा सीझन संपत आला आहे, पुढच्या वर्षी बघू, असं त्याला सांगण्यात आलं होतं. हे विल्बरनेच कळवलं, आणि खाली आभार मानले. हरिहरला त्या आभारांचं काय करावं ते कळलं नाही.

रुचाचा फोन त्यानंतर आला नाही. तो रविवारी लावायचा, वाजून वाजून बंद व्हायचा. सुहासिनीच्या शाळेतून मंजिरी नावाच्या एक बाई तिची पुस्तकं आणि नकाशे न्यायला आल्या. जाताना त्या म्हणाल्या, "मुलं विचारतात, मॅमनी फोटो पाठवणार म्हणून सांगितलं होतं." हरिहर म्हणाला, फोन बदलला, फोटो गेले. मग दार लावून त्याने तो एकच फोटो उघडून पाहिला. पाटी, वारा, हसू. तो कुणालाही पाठवता येण्यासारखा नव्हता.

फायनल एक्झिटच्या, म्हणजे सौदी कायमचं सोडण्याच्या, आदल्या दिवशी रुचाचा एका ओळीचा मेसेज आला. 'किल्ल्या शेजारच्या शीलाकाकूंकडे ठेवल्यात. मला नाशिकला यायला जमणार नाही.'

दुसऱ्या दिवशी दुपारी फकरुद्दीनने त्याला दम्माम विमानतळावर सोडलं, गळाभेट घेतली आणि डोळे पुसत गाडीत बसला. आत पासपोर्टच्या खिडकीवर एक तरुण अधिकारी होता. त्याने पासपोर्ट उघडला, स्क्रीनकडे पाहिलं, आणि सवयीने हरिहरच्या मागे दुसरं कुणी आहे का ते बघितलं. कदाचित जुनं काही अजून स्क्रीनवर राहिलं असेल.

"मदाम?" त्याने विचारलं.

"माफी," हरिहर म्हणाला.

अठ्ठावीस वर्षं तो हा शब्द ऐकत आणि बोलत आला होता. दुकानात कोथिंबीर संपली तरी माफी, लिफ्ट बंद असली तरी माफी. नाही, एवढाच त्याचा इथे अर्थ होता.

अधिकाऱ्याला ऐकू गेलं नसावं. त्याने मान वर केली.

"माफी," हरिहर पुन्हा म्हणाला. "माफी मदाम."

अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि पासपोर्ट काचेखालून पुढे सरकवला. हरिहरने तो उचलला नाही. मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात "यल्ला, सदीक", चला मित्रा, असं म्हणालं, तेव्हा त्याने तो घेतला, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा करून देत बाजूला झाला.